हॉकीची नजर-पैसेवारी

व्यावसायिक हॉकीचा हंगाम सुरू होण्यास अद्याप अवकाश असतानाच कोणता संघ अग्रस्थानी राहील आणि कोणाच्या वाट्यास तळ येईल, याची दशांश चिन्हांनी नटलेली यादी वाचकांपुढे ठेवण्याचा प्रघात आपल्याकडेही आता रुजू लागला आहे. आणि ज्या देशात फलंदाजांच्या धावांची सरासरी शाळकरी पोरांना पाढ्यांपेक्षा अधिक पाठ असते, त्या देशात हॉकीलाही कोणी आकड्यांच्या पंगतीला बसवावे, ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. गणनेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एक ते आठ अशा त्या निःशंक क्रमाविषयी, ज्याच्या पोटात बहुतांशी लिलावाचा भाव दडलेला असतो आणि जो संख्याशास्त्राची सनद हाती घेऊन न्यायनिवाड्याच्या थाटात वावरतो.

दिल्लीच्या दक्षिणेस रामकृष्णपुरम या नावाची, परंतु आर. के. पुरम याच संक्षेपाने सर्वतोमुखी झालेली जी सरकारी कर्मचाऱ्यांची विस्तीर्ण वसाहत आहे, तेथे या विषयाचा खल इतरत्र होतो त्याहून निराळ्या सुरात होतो. मलाई मंदिराच्या टेकडीपासून संगम चित्रपटगृहापर्यंत पसरलेल्या या सेक्टरांत राहणाऱ्या माणसांची हयात नस्त्या, नोंदवह्या, ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचे शेरे यांत गेलेली असते, आणि त्यामुळे एखादा आकडा पुढे आला असता तो मोठा की लहान हे पाहण्यापूर्वी तो कोणत्या दफ्तरातून आला, ही पृच्छा त्यांच्या मुखातून आपोआप बाहेर पडते. येथील मराठी कुटुंबांपैकी एका घरचा, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणारा मुलगा संध्याकाळी बागेच्या बाकावर आपली यादी मांडून बसला असता लेखापरीक्षा खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी त्याची जी उलटतपासणी घेतली, ती मला या साऱ्या वादाचे सार वाटली.

"काका, यात माझं मत काहीच नाही. आकडे काय सांगतात तेवढंच मी मांडलंय."

"ते ठीक आहे रे, पण मूळ पावती दाखव. हे आकडे आले कुठून?"

"लिलावातले भाव, खेळाडूंचे आंतरराष्ट्रीय गोल आणि वय. भावाला वजन जरा जास्त दिलंय."

"म्हणजे ज्यानं माल विकत घेतला त्याचंच प्रमाणपत्र, माल चांगला असल्याचं! आमच्याकडे असा दाखला कुणी आणला असता तर फाईल तशीच परत पाठवली असती."

मुलगा हसला, परंतु निरुत्तर झाला नाही. ज्यांनी लक्षावधी रुपये मोजले त्यांनी खेळाडू पारखूनच घेतले असणार, असा त्याचा प्रतिवाद होता, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु हॉकी इंडिया लीगच्या लिलावाची रचना जरा बारकाईने पाहिली, तर या प्रतिवादाचा पाया किती भुसभुशीत आहे हे ध्यानात येते. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग पुनरुज्जीवित करण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये याच दिल्लीत तीन दिवस जो लिलाव झाला, त्यात पुरुषांच्या आठही संघांना प्रत्येकी चार कोटी रुपयांचीच थैली मिळाली होती आणि तीतून चोवीस खेळाडूंचा ताफा उभा करावयाचा होता. सर्वांची थैली एकसारखी आणि ती जवळजवळ रिकामी करण्याकडेच सर्वांचा कल, अशा स्थितीत एकूण किमतीची बेरीज केली तर आठही संघ एकाच पायरीवर उभे दिसणार, हे सांगावयास संख्याशास्त्रज्ञ कशाला हवा? मग यादी करणारा काय करतो, तर ज्या संघाने थैलीचा मोठा हिस्सा दोन-तीन नामांकितांवर उधळला त्याला वर चढवितो, आणि ज्याने ती चोवीस जणांत शहाणपणाने वाटली त्याला खाली ढकलतो. अर्थात हे गुणवत्तेचे मापन नव्हे. ती कीर्तीची जमाबंदी आहे.

त्या लिलावात सर्वांत चढा भाव मिळाला तो हरमनप्रीत सिंगला. भारताच्या त्या वेळच्या कर्णधारास सूरमा हॉकी क्लबने अठ्ठ्याहत्तर लाखांना घेतले. बंगाल टायगर्सनी पेनल्टी कॉर्नरवर चेंडू फेकणाऱ्या जुगराज सिंगला अठ्ठेचाळीस लाखांत मिळविले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेला येथे हैदराबाद तूफान्सविरुद्ध अंतिम सामना झाला तेव्हा याच जुगराजने तीन गोल करून बंगालला ४-३ असा विजय मिळवून दिला, आणि हंगामातील गोलांच्या संख्येतही बारा गोलांसह तोच पुढे होता. म्हणून हरमनप्रीत महाग पडला असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही, कारण सूरमा संघही शेवटच्या चौघांत पोहोचलाच होता आणि ड्रॅगफ्लिकच्या या कलेत हरमनप्रीतची योग्यता वादातीत आहे. एवढेच म्हणतो की बोली पुकारणाऱ्याच्या हातोड्याखाली ठरणारा भाव हा त्या क्षणी त्या दालनात किती जणांना तोच खेळाडू हवा होता याचा निर्देशक असतो, आणि ही गोष्ट क्रम लावणाऱ्यांनी आपल्या यादीखाली छापावयास हवी.

महाराष्ट्रातील वाचकांना याचा दाखला जुन्या हंगामात सापडेल. २०१३ साली ही लीग प्रथम सुरू झाली तेव्हा पाच संघांत मुंबई मॅजिशियन्स नावाचा एक संघ होता. ऑस्ट्रेलियाचे ख्यातनाम प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ त्याच्या पाठीशी होते, आणि संदीप सिंगसारखा पेनल्टी कॉर्नरवरील धुरंधर त्याच्या ताफ्यात होता. कागदावर या संघास तळाशी कोण बसविले असते? संदीप सिंगने आपले काम चोख बजाविले, अकरा गोल करून तो स्पर्धेत सर्वांच्या पुढे राहिला, आणि मुंबईचा संघ मात्र पाचांत पाचवा आला. मुंबईच्या वस्तीत वाढलेला युवराज वाल्मीकी त्या वेळी दिल्ली वेव्हरायडर्सच्या पोशाखात खेळत होता, हा आणखी एक चिमटा. दिल्लीचा तो संघ अंतिम सामन्यात रांची ऱ्हायनोजकडून २-१ ने हरला आणि पुढच्याच वर्षी पंजाब वॉरियर्सना शूटआउटमध्ये नमवून विजेता झाला.

परंतु २०१३ च्या मुंबईची कैफियत येथेच संपत नाही. नियंत्रण रेषेवरील तणाव आणि मुंबईतील शिवसेनेची निदर्शने यांमुळे त्या जानेवारीत लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडूंना सामने पुरते रंगण्यापूर्वीच मायदेशी परतावे लागले, आणि त्या नऊंपैकी चौघे मुंबईच्या संघातले होते. कोणत्या कोष्टकात या गोष्टीसाठी रकाना ठेवावयाचा? ज्याने लिलावानंतर लगेच आपली यादी जाहीर केली असेल त्याच्या गणितात चूक नव्हती. त्याच्या यादीतला संघच नाहीसा झाला होता. अशा वेळी प्रामाणिक गणिती यादी मागे घेऊन नवी काढतो, आणि हौशी भविष्यवेत्ता हंगाम संपेपर्यंत मौन पाळून पुढच्या वर्षी पुन्हा नवे भाकीत घेऊन उभा राहतो. आपल्याकडे दुसऱ्या वर्गाचीच वस्ती अधिक.

आता मूळ अडचणीकडे वळतो, कारण ती लिलावाहूनही खोल आहे. २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांच्या प्रत्येक संघाच्या वाट्यास उपांत्य फेरीपूर्वी अवघे दहा सामने आले. समजा, एखादा संघ खरोखरच श्रेष्ठ आहे, इतका की कोणत्याही सामन्यात तो जिंकण्याची शक्यता शेकडा साठ आहे. तरीदेखील दहा सामन्यांच्या हंगामात तो पाच किंवा त्याहून कमी विजयांवर अडकण्याची शक्यता शेकडा सदतीसच्या आसपास निघते. हेच गणित उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीला लावले, जेथे २०२४-२५ मध्ये प्रत्येक संघ ब्याऐंशी सामने खेळला, तर अशा संघाने निम्मे किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता शेकडा चारांवर येते. तिकडील गणिती मंडळी हंगामापूर्वी क्रम लावतात म्हणून आपणही लावावा, असे म्हणणाऱ्यांनी हा सदतीस आणि चार यांच्यामधला फरक एकदा स्वस्थपणे विचारात घ्यावा. आपल्या महिला लीगच्या पहिल्या हंगामात तर चारच संघ होते आणि प्रत्येकाचे साखळीतील सामने सहा; तेथे पहिला-दुसरा-तिसरा अशी उतरंड रचणे म्हणजे चार नाणी उडवून त्यांची कुंडली मांडण्यापैकीच आहे.

लहान नमुन्याच्या या फसवेगिरीचा बंदोबस्त करण्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे गेल्या शतकाच्या चाळिशीत दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सेवेत होते, आणि पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतातील किती मोठा तुकडा कापावा, या वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारख्या दिग्गजाशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर सीमारेषेवरची ताटे कापणारा नकळत आतच धरतो आणि उतारा वास्तवाहून अधिक दिसतो, हे सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापणीच्या प्रयोगांनी दाखवून दिले. चूक दोन्ही अंगांनी व्हावी अशी आपली समजूत असते. येथे ती एकाच अंगाला झुकते, हे त्यांचे निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. हॉकीतही नेमके हेच घडते. दोन-चार सामन्यांत चमकलेला खेळाडू आपल्या स्मरणाच्या तुकड्यात आत धरला जातो, आणि त्या तुकड्यावरून त्याच्या साऱ्या शेताची किंमत ठरते.

तथापि आकड्यांच्या कैवाऱ्यांवर अन्याय होऊ नये. बर्फावरील हॉकीत प्रत्यक्ष गोलांऐवजी गोलाच्या दिशेने झालेले सर्व प्रयत्न, म्हणजे अडविले गेलेले आणि बाहेर गेलेले फटकेसुद्धा, मोजण्याची जी पद्धत आहे आणि जिला जिम कॉर्सी या गोलरक्षक-प्रशिक्षकाचे नाव पडले आहे, तिच्या आधारे कित्येकदा खेळाच्या पंडितांचे डोळे उघडले आहेत. २०१३-१४ च्या हंगामात कोलोरॅडोचा संघ एकशे बारा गुण मिळवून आपल्या गटात पहिला आला तेव्हा सर्वत्र त्याचा उदोउदो झाला. परंतु हा संघ चेंडूच्या जागी असणारी ती चकती प्रतिपक्षाकडेच अधिक वेळ सोपवितो आणि गोलरक्षकाच्या कौशल्यावर तरतो, असे गणिती म्हणत होते. पुढच्या हंगामात तो संघ बाद फेरीसही पात्र ठरला नाही. उलटपक्षी २०१७-१८ मध्ये नव्यानेच स्थापन झालेला लास व्हेगासचा संघ, ज्याच्यावर सट्टेबाजांनी पाचशेस एक असा भाव लावला होता, तो पहिल्याच वर्षी स्टॅनले चषकाच्या अंतिम झुंजीपर्यंत गेला. पहिल्या प्रसंगी गणितापाशी ब्याऐंशी सामन्यांची नोंद होती, दुसऱ्या प्रसंगी संघाला भूतकाळच नव्हता. आपल्या लीगमधील पुष्कळसे संघ या दुसऱ्या जातीचे आहेत, हे कोणी लपवू नये.

आणि आपल्यापाशी जी नोंद आहे तीही सलग नाही. २०१६ साली लीगने असा नियम केला की मैदानी गोल हा दोन गोलांच्या बरोबरीचा धरावा. त्या वर्षी पंजाबने कलिंग लान्सर्सना अंतिम सामन्यात ६-१ ने हरविले असे दफ्तरी आहे, परंतु त्या सहांचा अर्थ आजच्या सहांसारखा नाही. पुढे लीगच काही वर्षे बंद पडली, संघांची नावे बदलली, मालक बदलले, मुंबईचा संघ तर २०२४-२५ च्या पुनरारंभी कोठेच नव्हता. ज्या वहीत मधली पाने फाटलेली आहेत आणि काही पानांवर हिशेब दुसऱ्याच चलनात मांडलेला आहे, तीवरून सरासरी काढणाऱ्याच्या धारिष्ट्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

शूटआउटचा विचार केला म्हणजे तर यादीतील दशांश चिन्हे आणखीच केविलवाणी दिसू लागतात. तेवीस मीटरांच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघालेल्या खेळाडूपाशी आठ सेकंद असतात. गोलरक्षक पुढे झेपावून कोन आवळत येतो, खेळाडू उलट्या काठीने चेंडू ओढून त्याला बगल देऊ पाहतो, आणि त्या आठ सेकंदांत सहा महिन्यांचे सर्व कोष्टक एका पायाच्या पट्ट्यावर आदळून परत येते. पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटालाच लाल कार्ड मिळाल्यावर भारत उरलेला सारा वेळ दहा खेळाडूंनिशी ब्रिटनशी झुंजला, १-१ वर थांबला आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशच्या भरवशावर ४-२ ने पुढे गेला. तोच श्रीजेश निवृत्तीनंतर दिल्ली एसजी पायपर्स या संघाचा मार्गदर्शक झाला, तेव्हा आर. के. पुरमच्या बाकांवर या संघाचे पारडे एकदम जड झाले होते. पायपर्सनी उद्घाटनाचा सामना शूटआउटमध्ये जिंकला, लोकांची छाती फुगली, आणि तरीही शेवटच्या चौघांत त्यांना स्थान मिळाले नाही. मार्गदर्शक गोलरेषेवर उभा राहत नाही, ही साधी गोष्ट भाकितांच्या घाईत विसरली जाते.

येथेच एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या संघाच्या नावात दिल्ली होती त्याचा त्या हंगामातील एकही सामना दिल्लीत झाला नाही. आर. के. पुरमपासून ध्यानचंद स्टेडियम काही फार दूर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचा संघ तेथे येऊन भारताशी दोन सामने खेळला तेव्हा त्या मैदानास दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय हॉकी दिसली. डोळ्यांनी पाहावयास खेळ नसला की माणसे यादीशी भांडतात, त्यांचा तरी काय इलाज?

मग हंगामापूर्वीचा क्रम लावूच नये काय? लावावा; परंतु आपल्या महसूल खात्याने पिकांच्या बाबतीत जी रीत पाळली आहे ती तरी पाळावी. खरिपाची नजर-अंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर जाहीर होते, ऑक्टोबरात सुधारित पैसेवारी येते, आणि कापणीचे प्रयोग होऊन डिसेंबरात अंतिम पैसेवारी लागते. नजर-अंदाजात पन्नास पैशांच्या वर दाखविलेले गाव अंतिम पैसेवारीत पन्नासांच्या खाली गेले तर नोंद बदलली जाते, आणि गावकरीही नजरेचा अंदाज म्हणजे अखेरचे फर्मान अशी समजूत करून घेत नाहीत. या पद्धतीवर शेतकऱ्यांचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे रास्त आहेत, पण निदान तिच्या नावातच ती किती विश्वसनीय आहे हे सांगितलेले असते. हवामान खातेही एप्रिलात पावसाचे पूर्वानुमान देताना सरासरीच्या इतके टक्के, अधिक-उणे पाच टक्के, अशी मर्यादा बरोबर जोडते. हॉकीच्या क्रमवारीखाली अशी अधिक-उणेची ओळ माझ्या पाहण्यात आलेली नाही. ती जोडली तर पहिल्या आणि पाचव्या संघांतील अंतर बहुधा त्या मर्यादेतच गडप होईल, आणि तिच्या अभावाचे खरे कारण तेच असावे असा माझा संशय आहे.

हॉकी इंडियाच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे. प्रत्येक सामन्यास तांत्रिक अधिकारी बसलेले असतात; कोणत्या संघाने डी मध्ये किती वेळा प्रवेश केला, किती पेनल्टी कॉर्नर मिळविले, ते कोणी मारले, कोणत्या गोलरक्षकाने किती अडविले, हा तपशील सामन्यागणिक एका ठरावीक तक्त्यात, सर्वांस फुकट उतरवून घेता येईल असा ठेवावा. दहा सामन्यांत एका संघाचे गोल वीस-पंचवीसच होतात, परंतु डी मधील प्रवेशांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असते. आणि जेथे मोजदाद मोठी तेथेच अनुमानास थोडा आधार. तोवर एक ते आठ असा क्रम सोडून संघांचे तीन गट करावेत, आणि हंगाम संपल्यावर ज्याने यादी केली त्यानेच ती निकालाशेजारी छापावी, म्हणजे कोणाचा अंदाज किती चुकला याचाही जमाखर्च वाचकांस पाहावयास मिळेल.

बागेतील त्या मुलाने काकांच्या आग्रहास्तव आपली यादी मोडून तीन गट केले खरे. काकांनी चष्मा वर करून कागद निरखला, गटांस संमती दिली, आणि मग गोलरक्षकाला आघाडीच्या खेळाडूइतकेच वजन का दिले आहे, ते दुप्पट का नाही, असा नवा आक्षेप काढला. मुलगा म्हणाला की दुप्पट देण्यास आधार काय, तर काका म्हणाले की पॅरिस. त्या दोघांचा हा वाद अजून मिटलेला नाही.